मेलेलं पाखरू दिसलं, तर सांगायचं कोणाला?

पत्र

आदरणीय डॉक्टर, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. शेजारच्या गावात कावळे मेले आणि बर्ड फ्लूची कुणकुण सुरू झाली. केंद्रप्रमुखांनी जनजागृती करायला सांगितलं, म्हणून परिपाठात मुलांना सगळी माहिती दिली. माणूस मरू शकतो, कोंबड्या माराव्या लागतात, काहीच वगळलं नाही. मुलं अगदी चिडीचूप ऐकत होती. आठवडाभराने कळलं की वर्गातल्या एका मुलीला अंगणात मेलेला होला सापडला होता. तिने तो गोठ्यामागे स्वतःच्या हातांनी पुरला आणि कोणाकडे चकार शब्द काढला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “बाई, आमच्या कोंबड्या मारतील ना!” दुसरीकडे, ज्याच्या वडिलांची ब्रॉयलरची शेड आहे त्या मुलाला पोरं ‘ए बर्ड फ्लू’ अशी हाक मारतात, जेवताना त्याच्या शेजारी बसत नाहीत. पालकांच्या वर्गणीतून आम्ही आठवड्याला एक अंडं देतो, तेही बंद करा म्हणून काहीजण मागे लागलेत. पुढच्या आठवड्यात प्रभातफेरी आहे. माझं काय चुकलं, आणि आता मुलांना काय शिकवू?
– एक शिक्षिका

उत्तर

ताई, आधी त्या मुलीचं बघू, बाकीचं नंतर.

एखादा होला मेला म्हणजे बर्ड फ्लूच, असं नाही. मांजराने पकडलेला, तारेला धडकलेला, औषध लावलेलं बियाणं खाल्लेला, असे होले बारा महिने मरतात. पण शेजारच्या गावात कावळे मेलेत आणि तिने उघड्या हाताने पक्षी उचललाय, तेव्हा अंदाजावर सोडून चालणार नाही. हात लावल्यापासून दहा दिवस तिच्याकडे लक्ष ठेवायला आईवडिलांना सांगा. लागण झालीच तर लक्षणं साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतात, क्वचित जास्त दिवस लागतात. ताप, खोकला, घसा दुखणं, डोळे लाल होणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ‘पोरीला ताप आहे’ एवढंच नको. ‘हिने मेलेला पक्षी हाताळला होता’ हे त्याच दमात सांगायचं. डॉक्टरांच्या डोक्यात दिवसभर मलेरिया, डेंग्यू आणि सर्दी-खोकला फिरत असतो, पक्ष्याचं त्यांना कोणी सांगितल्याशिवाय सुचणार नाही. या रोगावर औषध आहे, ऑसेल्टामिविर, आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. गावातल्या आशाताईंच्या कानावरही आजच घाला. पुरलेला होला कोणी उकरायचा नाही. जागा दाखवून ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा, पुढचं ते ठरवतील.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही मुलांना एकही गोष्ट खोटी सांगितली नाहीत. पण त्या पोरीने तुमच्या बोलण्यातून जे उचललं ते असं: मेलेला पक्षी ही पोलिसांपासून लपवायची वस्तू आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने याहून वेगळा निष्कर्ष काढावा असं तिच्यापुढे काय होतं? सांगितलं तर घरच्या कोंबड्या जाणार. न सांगितलं तर काहीच होणार नाही. तिचा हिशेब तिच्या परीने बरोबरच होता.

आणि हा हिशेब तिने एकटीने मांडलेला नाही, तुमच्या जिल्ह्याच्या हाडात तो मुरलेला आहे. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, तुमच्याच नवापुरात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. रोगालाही हद्द कळली नाही, पलीकडे उच्छलमध्येही तो निघाला. शेडमध्ये मरतूक सुरू झाली तेव्हा बरेचजण मानमोडी समजून बसले होते. मानमोडी म्हणजे रानीखेत, ती दर दोन-चार वर्षांनी येतेच, लस दिली की आवरते, असा सगळ्यांचा अनुभव. भोपाळच्या प्रयोगशाळेतून एच५एन१ चा, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूचा, अहवाल आला आणि मग काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून, खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. तेव्हा मी पशुसंवर्धन खात्यात होतो. पांढरे सूट घातलेली माणसं गल्लीत शिरली की बायका डालग्याखाली कोंबडी झाकायच्या, वर गोधडी टाकायच्या आणि त्यावर पोराला बसवायच्या. पोर तोंडातून ब्र काढायचं नाही. आज तुमच्या वर्गातल्या मुलांचे जे आईबाप आहेत, त्यातले कित्येक तेव्हा त्या गोधडीवर बसलेले असतील. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तोच फेरा आला. असं सगळं घरात ऐकून आलेल्या मुलांपुढे तुम्ही ‘कोंबड्या माराव्या लागतात’ म्हणालात. ती चिडीचूप झाली ती माहिती मिळाली म्हणून नव्हे.

म्हणून मुलांना शिकवायचं आधी ठेवा आणि मोठ्यांना दोन गोष्टी समजावून द्या. एक, नुसते कावळे किंवा रानपाखरं पॉझिटिव्ह आली म्हणून गावातल्या कोंबड्या मारत नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवतात, नमुने घेतात, विक्री-वाहतुकीवर काही काळ बंधनं येतात. पाळलेल्या कोंबड्यांमध्येच रोग निघाला, तर त्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. दुसरी गोष्ट शेडवाल्यांना पाठ असते, पण परसात चार कोंबड्या पाळणारीला कोणी सांगितलेली नसते: भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्याची, आधीच मेलेल्या पक्ष्याची नाही. म्हणजे लपवून ठेवलं, रोग पसरू दिला आणि सगळा कळप मेला, तर हातात काही नाही. पहिली दोन मेली तेव्हाच कळवलं, तर उरलेल्यांचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात. दर फार मोठे नसतात, पैसे यायला वेळ लागतो, हे मलाही माहीत आहे आणि पालकांनाही. पण गणित सरळ आहे. हे पालकसभेत सांगा, आणि शक्य असेल तर स्वतः न सांगता तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला बोलावून त्यांच्या तोंडून वदवा. तुम्ही सांगितलेलं ‘बाई म्हणतात’ होतं, त्यांनी सांगितलेलं ‘साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय’ होतं.

मुलांना याचा धोका किती, हे तुम्हाला माहीत असावं. चौथीच्या वर्गात आकडे मांडायची गरज नाही. हा रोग पक्ष्यांचा. माणसाला तो सहजासहजी होत नाही आणि माणसाकडून माणसाला पसरणं फारच दुर्मिळ. २००३ पासून जगभरात एच५एन१ ची लागण झालेली माणसं साडेनऊशेच्या पुढे नोंदली गेली आहेत. कोट्यवधी कोंबड्यांच्या रोगात एवढीच, पण त्यातली जवळजवळ निम्मी दगावली. सौम्य आजाराची माणसं तपासणीपर्यंत पोचतच नाहीत, हेही त्या प्रमाणामागे असू शकतं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: यात लहान मुलं पुन्हापुन्हा भेटतात. १९९७ साली हाँगकाँगमध्ये माणसातला पहिला रुग्ण सापडला, तो तीन वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या बालवाडीत कोंबडीची पिल्लं ठेवलेली होती. २००६ च्या जानेवारीत तुर्कस्तानात एकाच घरातली तीन भावंडं गेली, घरच्या आजारी कोंबड्यांशी त्यांचा संबंध आला होता. आपल्याकडे २०२१ मध्ये एच५एन१ ने पहिला बळी गेला तो हरियाणातला शाळकरी वयाचा मुलगा, त्याला आधीच रक्ताचा कर्करोग होता. २०२५ च्या मार्चमध्ये आंध्रात नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी गेली, तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ल्याचं घरच्यांनी सांगितलं. आणि मेळघाटातल्या एका कोरकू बाळाला २०१९ मध्ये एच९एन२ हा सौम्य प्रकार झाला होता, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तो ओळखला. ते बाळ बरं झालं.

मुलंच का? कारण पाखरू खाली पडलं की सगळ्यात आधी मूल वाकतं. आपण मोठी माणसं वळसा घालून पुढे जातो. मूल त्याला उचलतं, चोच उघडून पाणी पाजतं, पंख पसरून बघतं. हा दयाळूपणा आहे, आणि तुम्हाला तो मारायचा नाहीये. तुम्हाला फक्त त्या वाकलेल्या हाताला थांबवून तोंडाला कामाला लावायचंय.

तेव्हा वर्गात एवढंच शिकवा: हात लावायचा नाही, तिथून लांब व्हायचं, आणि मोठ्या माणसाला सांगायचं. विषाणूचं चित्र, एच आणि एन कशाचे, पाणपक्ष्यांचे हिवाळी मार्ग, हे सहावी-सातवीला ठेवा. चौथीला हे फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका, करून घ्या. काळा जुना मोजा घ्या, त्यात चिंध्या भरा, झाला कावळा. तो कोणालाही न सांगता शाळेच्या चिंचेखाली टाकून द्या आणि मधल्या सुट्टीत लांबून बघा. पहिल्या दिवशी चार पोरं लाथेने उडवतील, एक काठीने टोचेल, एखादी उचलून तुमच्याकडेच घेऊन येईल. ओरडू नका. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा: कावळा दिसला तर काय काय सांगता येईल? कुठे दिसला? एकच होता की जास्त? मेलेला की नुसता मान वाकडी करून बसलेला? आजूबाजूला कोंबड्या फिरत होत्या का? जो नीट बघून, हात न लावता, सगळं सांगेल तो त्या दिवशीचा पक्षी-तलाठी. मुलांना असली पदं फार आवडतात. आठवड्यातून एकदा मोज्याची जागा बदला. महिन्याभरात तुमच्या शाळेइतकी चोख बातमी खात्याच्या कोणत्याही साहेबाला मिळणार नाही.

सांगितल्यावर मुलाला काय मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. त्याला ‘शाब्बास’ मिळालं तर दुसरं मूलही सांगेल. ‘तू तिकडे कडमडलास कशाला?’ मिळालं, तर वर्गातली तीसच्या तीस पोरं त्याच क्षणी शहाणी होतात आणि पुढचा होला गोठ्यामागे जातो. त्या मुलीलाही सगळ्यांसमोर उभी करून उदाहरण म्हणून दाखवू नका. एकटीला जवळ घ्या, तिच्या कोंबड्या मारायला कोणी येणार नाही हे पशुवैद्यकांना विचारून खात्री करून सांगा, आणि यापुढे तिला पक्षी दिसला की थेट तुमच्याकडे यायचं असं ठरवून टाका.

मुलांच्या रोजच्या खेळात काही गोष्टी आहेत ज्या परिपत्रकात कधी येत नाहीत. पिसं. वहीत पीस ठेवलं की पिल्लू होतं, असं म्हणत पोरं पिसं गोळा करतात. या दिवसांत खालची पिसं उचलायची नाहीत, एवढं सांगा. गलोल. पाडलेलं पाखरू आणून आगटीत भाजायची तुमच्या भागात रीत आहे, मुलांना ‘तुम्ही असं करता का?’ असं शहरी डोळे वटारून विचारू नका, फक्त ‘रोग आहे तोवर पाखरू पाडायचं नाही’ म्हणा, कळतं त्यांना. आणि आठवडी बाजारातली रंगवलेली पिल्लं. गुलाबी, हिरवी, पोपटी पिल्लं टोपलीत घेऊन बाई बसलेली असते, दहा-वीस रुपयांत पोराच्या हातात पिल्लू येतं. पोर ते शर्टाच्या आत घालतं, रात्री कुशीत घेऊन झोपतं, तोंडाला तोंड लावतं. कुठून आलं, कोणत्या हॅचरीने टाकून दिलं, काही पत्ता नसतो. बाजारात साथीची बातमी असताना हा लाड बंद, हे आईवडिलांना ठणकावून सांगा.

हात साबणाने धुवायचे, हे तुम्ही रोज सांगताच. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. नुसत्या पाण्याने तसं होत नाही. विष्ठेत मात्र तो बराच टिकतो. थंडीत, चार अंशाच्या आसपास, महिन्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यातल्या ३७ अंशांतही पाच-सहा दिवस. म्हणून खुराडं झाडायचं काम मुलांकडे नको. खेड्यात हे काम हमखास त्यांच्याच गळ्यात पडलेलं असतं.

मोठी मुलं वाघाचं विचारतील, तेव्हा खरं सांगा. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, आणि पुढच्याच महिन्यात उदगिरात कावळे पटापट मेले. मांजरांनाही हा रोग होतो, तेव्हा घरातल्या मनीने पकडून आणलेलं पाखरू हाताने ओढून काढायचं नाही.

आता ‘ए बर्ड फ्लू’ हाकेचं. हे सगळ्यात आधी थांबवा, आणि उपदेश करून नव्हे. वडिलांची शेड ज्याची आहे, त्या मुलाला या विषयातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. शेडच्या दारात चुना का टाकतात, बाहेरचा माणूस आत का सोडत नाहीत, पिल्लांखालचं तूस कधी पालटतात, खाद्याची गाडी गेली की चाकांवर फवारा का मारतात, हे त्याने रोज पाहिलंय. त्याला वर्गात पुढे बोलावून हे सांगू द्या. त्याच्याच तोंडून कळू द्या की निरोगी कोंबडी कशी चालते आणि आजारी कशी बसते: तुरा निळा-जांभळा पडतो, तोंड सुजतं, पायावर लाल डाग येतात, अंडी एकाएकी थांबतात, किंवा काहीच न दिसता सकाळी रांगेने मेलेल्या सापडतात. ज्याच्याकडून पोरं लांब बसत होती तोच वर्गाचा माहीतगार झाला की डब्याचा प्रश्न आपोआप मिटतो. त्याच्या वडिलांना मात्र आधी विचारा, त्यांच्या धंद्याचा सवाल आहे. आणि जो मुलगा शेडमध्ये जाऊन येतो त्याच्यापासून बाकीच्यांना धोका आहे का, असं पालकांनी विचारलं तर स्पष्ट सांगा: शेडमध्ये मरतूक नसेल तर काही नाही. मरतूक असेल तर तो मुलगा शेडमध्येच जायला नको, त्याच्या स्वतःसाठी.

अंडं बंद करू नका. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. त्यानंतरही वर्गणी काढून तुम्ही ते चालू ठेवलंत, आणि आता अफवेपायी ते सोडायचं? ७० अंशांपर्यंत आतून शिजलं की विषाणू मरतो. पाणी उकळतं १०० अंशांना. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेल्या अंड्यात भ्यायचं काही नाही. सांभाळायचं ते उकडण्याआधी. टरफलाला विष्ठा लागलेली अंडी घ्यायची नाहीत, ज्या घरात कोंबड्या मेल्यात तिथली तर अजिबात नाहीत, आणि अंडी हाताळल्यावर स्वयंपाकवाल्या मावशींनी साबणाने हात धुवूनच पुढच्या कामाला हात लावायचा. विरोध करणाऱ्या पालकांना स्वयंपाकघरात बोलावून एक दिवस उकडलेलं अंडं त्यांच्यासमोर कापून दाखवा आणि तुम्ही खा. मुख्याध्यापकांनाही खायला लावा, शाकाहारी नसतील तर.

प्रभातफेरीबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘कोंबडी टाळा, रोग टाळा’ छापाच्या घोषणा मुलांच्या तोंडी देऊ नका. त्या शेडवाल्याच्या दारावरून जाणार आहेत आणि त्याचं पोर त्याच रांगेत चालणार आहे. फेरी काढायचीच तर प्रत्येक मुलाच्या हातात एक चिठ्ठी द्या, त्यावर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर आणि १९६२ हा पशुसंवर्धनाचा मोफत क्रमांक, एवढंच. ज्या दारात कोंबडी दिसेल तिथे थांबायचं आणि चिठ्ठी द्यायची.

मुलं एक प्रश्न विचारतीलच, त्याची तयारी ठेवा: “बाई, चांगल्या कोंबड्या कशाला मारतात?” याला गोड उत्तर नाही आणि शोधूही नका. शेजारच्या खुराड्यात रोग निघाला की यांच्यातही तो बहुधा आलेलाच असतो, अजून दिसत नसतो. यांच्याकडून पुढच्या गावाला जाऊ नये म्हणून मारतात. एखादं पोर रडेल. रडू द्या, आणि त्या दिवशी पुढचा तास गणिताचा घेऊ नका.